मदत हवी आहे : इंट्राडे, डिलिव्हरी आणि ऑप्शन्स यांचा करहिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी,

मी नोकरी सांभाळून शेअर बाजारात नियमित व्यवहार करतो. त्यात डिलिव्हरी घेऊन ठेवलेले शेअर, त्याच दिवशी मिटवलेले इंट्राडे सौदे आणि निफ्टीचे ऑप्शन्स (ठरल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काचे करार) असे तीन प्रकार आहेत. ब्रोकर दोन असल्यामुळे डीमॅट खातीही (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याची) दोन आहेत. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र आयटीआर-३ (व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांचा नमुना) मध्ये भरायचे आहे आणि त्यासाठी, पुढील वर्षांतही चालेल असे, एखादे सॉफ्टवेअर किंवा निदान हिशेबाची पक्की पद्धत मी शोधत आहे.

उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून मला ठाऊक असलेली चौकट आधी मांडतो. इंट्राडेचा नफा-तोटा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३(५) नुसार सट्टा व्यवसायात मोडतो. त्यातील तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षे पुढे ओढता येतो. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरील ऑप्शन्स सट्ट्यात धरले जात नाहीत, म्हणून तेथील तोटा त्या वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून वजा करता येतो आणि उरलेला आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यासाठी राखता येतो. डिलिव्हरीचे शेअर मी सुरुवातीपासून गुंतवणूक म्हणूनच दाखवत आलो आहे, तेव्हा तेथे भांडवली नफा लागू होतो. या वर्षी त्यातही २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीचा दर १५ वरून २० टक्के आणि दीर्घमुदतीचा १० वरून १२.५ टक्के झाल्यामुळे त्या तारखेआधीची आणि नंतरची विक्री वेगळी दाखवावी लागते. एवढे कोणतेही सॉफ्टवेअर करते. माझे घोडे अडते ते त्याच्या आधीच, म्हणजे कोणता सौदा कोणत्या खान्यात टाकायचा येथे.

एक उदाहरण देतो. समजा माझ्याकडे ४०० रुपयांना घेतलेले १०० शेअर दीड वर्षापासून पडून आहेत. एके दिवशी सकाळी मी त्याच कंपनीचे ६० शेअर ५०० रुपयांना विकले आणि दुपारी तेवढेच ४९० रुपयांना परत घेतले. दिवसाअखेर ब्रोकरकडे देवाणघेवाण शून्य होते, डीमॅटमधून एकही शेअर हलत नाही, म्हणजे हा ६०० रुपयांचा इंट्राडे नफा झाला. मी चाचणीसाठी घेतलेल्या एका सॉफ्टवेअरने मात्र व्यवहारांची यादी वाचून सरळ ‘आधी आले ते आधी गेले’ हा नियम लावला, जुन्या ६० शेअरांवर ६,००० रुपयांचा दीर्घमुदतीचा नफा दाखवला आणि नवीन ६० शेअर ४९० रुपयांच्या खरेदीने शिल्लक ठेवले. चूक एवढ्यावर थांबत नाही. पुढे हे शेअर विकले जातील तेव्हा त्यांची किंमत आणि मुदत दोन्ही खोट्या निघतील.

दुसरी अडचण एका डीमॅटमधून दुसऱ्या डीमॅटमध्ये हलवलेल्या शेअरांची आहे. नव्या ब्रोकरच्या कर-अहवालात त्यांची खरेदी किंमत शून्य दिसते आणि खरेदीची तारीख म्हणून हस्तांतराचा दिवस येतो. ती हाताने भरण्याची सोय आहे, पण भरलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी लक्षात ठेवते की नाही, हे कोणी सांगत नाही.

शिवाय एआयएसमधील (आयकर खात्याकडील माझ्या वार्षिक माहितीपत्रकातील) विक्रीचा आकडा माझ्या कॉन्ट्रॅक्ट नोटशी (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावतीशी) जुळत नाही आणि ऑप्शन्सची उलाढाल दोन ब्रोकर दोन पद्धतींनी मोजतात.

माझे प्रश्न असे आहेत. ब्रोकरचा तयार कर-अहवाल पाया म्हणून घ्यावा की प्रत्येक सौद्याची यादी घेऊन हिशेब नव्याने मांडावा? पैसे भरून घेण्याजोगे सॉफ्टवेअर निवडताना नेमके काय तपासावे? आणि ऑप्शन्सच्या उलाढालीसाठी आज कोणती पद्धत ग्राह्य आहे? सगळे सीएकडे सोपवून मोकळे होण्याचा सल्ला कृपया देऊ नये. सीए आहेतच, पण त्यांच्या हातात जाणारे आकडे माझेच असतात.

प्रतिसाद १

तुमचे ६० शेअरांचे उदाहरण हीच सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा आहे. नावे विचारण्यापेक्षा मोफत चाचणीच्या काळात अशीच चार-पाच अवघड प्रकरणे त्यात भरून पाहा. माझ्या यादीत दुसरे प्रकरण रिलायन्सचे असते. जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा कंपनीने मूळ किमतीची वाटणी ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी जाहीर केली होती. म्हणजे २,००० रुपयांना घेतलेल्या रिलायन्सच्या शेअरची किंमत आता १,९०६.४० धरायची आणि जिओच्या शेअरची ९३.६०, आणि दोन्हींची खरेदीची तारीख मूळचीच राहते. तिसरे प्रकरण बोनसचे (कंपनीने फुकट दिलेल्या शेअरांचे) : किंमत शून्य, पण मुदत वाटपाच्या दिवसापासून. चौथे एचडीएफसी लिमिटेडच्या एचडीएफसी बँकेतील विलीनीकरणाचे, ज्यात २५ शेअरांना बँकेचे ४२ मिळाले आणि जुन्या शेअरांची मुदत नव्यांत मोजली जाते. ही चार उत्तरे बरोबर आली तर बाकीच्या सोयी पाहाव्यात. न आल्यास पडदा कितीही देखणा असला तरी पैसे घालवू नयेत.

पाया म्हणून कर-अहवाल घेऊ नका, सौद्यांची यादी घ्या आणि शंका आली की कॉन्ट्रॅक्ट नोट प्रमाण माना. ‘आधी आले ते आधी गेले’ हा नियम प्रत्येक डीमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागतो, हे २४ जून १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. क्रम खात्यात जमा झाल्याच्या तारखेने ठरतो, किंमत आणि मुदत मात्र प्रत्यक्ष खरेदीचीच. त्यामुळे दोन्ही खात्यांतील शेअर एकाच ढिगात ओतणारे सॉफ्टवेअर तुमच्या उपयोगाचे नाही. सर्व नोंदी झाल्या की ३१ मार्चची शिल्लक डिपॉझिटरीच्या (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेच्या) एकत्रित पत्रकाशी कंपनीनिहाय जुळवा. संख्या जुळली नाही, तर नफ्याचा आकडा पाहण्याची घाईच करू नका.

एआयएसमधील विक्रीची किंमत डिपॉझिटरीकडून येते आणि ती दिवसाच्या बंद भावावरून अंदाजाने काढलेली असते. ज्या इंट्राडे सौद्यांत शेअर डीमॅटमधून हलत नाहीत ते तिच्यात येणारच नाहीत. म्हणून फरक असणे स्वाभाविक आहे. तो का आहे याचा कागद जवळ ठेवावा आणि विवरणपत्रात स्वतःचाच आकडा लिहावा.

ऑप्शन्सच्या उलाढालीत प्रत्येक सौद्याचा नफा आणि तोटा चिन्ह न पाहता मिळवतात. २०,००० नफा, १५,००० तोटा आणि ५,००० नफा असेल, तर उलाढाल ४०,००० होते. विक्रीचा प्रीमियम (ऑप्शन विकून मिळालेली रक्कम) पूर्वी त्यात वेगळा मिळवत असत. सीए संस्थेच्या २०२२ च्या सुधारित मार्गदर्शिकेनुसार तो नफ्या-तोट्यात आधीच धरला गेला असेल तर पुन्हा मिळवायचा नाही. तुमचा एक ब्रोकर बहुधा जुन्या पद्धतीने मोजत असावा. सर्व व्यवहार बँकेतून असल्याने ऑडिट (हिशेब तपासणी) सक्तीचे होण्याची उलाढालीची मर्यादा तुम्हाला १० कोटींची लागेल. अपवाद एकच : मागील पाच वर्षांत कधी कलम ४४एडी (छोट्या व्यवसायाचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरण्याची सवलत) घेऊन आता त्यातून बाहेर पडत असाल आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर उलाढाल किरकोळ असली तरी ऑडिट करावे लागते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. ४४एडी मी कधी घेतलेले नाही, त्यामुळे ती चिंता मिटली. आपण सांगितलेली प्रकरणे त्याच सॉफ्टवेअरला घालून पाहिली. बोनस आणि रिलायन्स दोन्ही बरोबर आले, एचडीएफसीचे शेअर मात्र त्याने विलीनीकरणाच्या दिवशीची नवी खरेदी म्हणून धरले. खर्चाच्या बाबतीतही ते एकच रक्कम दाखवते. एसटीटी (शेअर बाजारातील व्यवहारांवरचा कर) ऑप्शन्सच्या व्यवसायात खर्च म्हणून चालतो आणि डिलिव्हरीच्या भांडवली नफ्यातून वजा होत नाही, एवढा भेद तरी त्याने करायला हवा होता. तेव्हा या वर्षी एक्सेलमध्येच खातेनिहाय वही मांडतो आहे.

त्यात आणखी एक नोंद अडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एका कंपनीने माझे काही शेअर बायबॅकमध्ये (स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या योजनेत) घेतले. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने त्या वर्षी बायबॅकची पूर्ण रक्कम लाभांश म्हणून करपात्र होती आणि शेअरांची मूळ किंमत भांडवली तोटा ठरत होती, हे मला मान्य आहे. ब्रोकरच्या अहवालात मात्र ही साधी विक्री म्हणून आली आहे. वहीत विक्री किंमत शून्य लिहून तोटा दाखवला आणि रक्कम इतर उत्पन्नात नेली, तर ब्रोकरच्या एकूण आकड्याशी होणारा फरक मी कोणत्या कागदाने समजावावा? ज्यांनी असा बायबॅक विवरणपत्रात दाखवला आहे, त्यांनी कृपया सांगावे.