चिकन प्लांटमध्ये भावाचं बोट गेलं, ठेकेदार सही मागतोय

धाकटा भाऊ चिकन प्रोसेसिंग प्लांटमध्ये आहे, ठेकेदाराकडून, पगार साडेतेरा हजार. मंगळवारी रात्रपाळी संपताना कटिंग मशीन धूत होता, पातं फिरतं ठेवूनच पाणी मारायला लावतात, पटकन निघतं म्हणून. मोजा ओढला गेला आणि तर्जनीची दोन पेरं गेली. कुणीतरी तुटलेला तुकडा थेट बर्फात टाकला, डॉक्टर म्हणाले आता जोडता येणार नाही. ठेकेदार म्हणतो चूक पोराची, वीस हजार घ्या आणि सही करा. आई म्हणते घेऊन टाक. काय करू?

जुना_टाइमकीपर: सही अजिबात करू नका!! आधी पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का बघा, २१ हजारापर्यंत पगार असेल तर लागू होतं आणि कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून, किती महिने भरले ते बघत नाहीत. सुट्टीच्या काळात साधारण ९० टक्के पगार मिळतो, नंतर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, तर्जनीच्या दोन पेरांना कायद्याच्या तक्त्यात ११ टक्के आहेत, त्या हिशोबाने दरमहा पैसे, तेही आयुष्यभर. रक्कम छोटी वाटेल पण वीस हजार तर दोन महिन्यात उडतात. आणि ईएसआय नसेलच तर भरपाईचा दावा लावता येतो. "चूक पोराची" एवढ्याने काही होत नाही, दारू प्यायला होता, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा मशीनचं गार्ड (संरक्षक झाकण) मुद्दाम काढलं असं असेल तरच अडचण. अपघाताची नोंद झालीय का ते आधी बघा, तारीख बदलायला वेळ लागत नाही या लोकांना

फिटर_नाना: मी मेंटेनन्सला होतो. धुताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि किल्ली धुणाऱ्याच्याच खिशात, एवढंच पाहिजे असतं. पण झाकण उघडलं की मशीन बंद करणारा सेन्सर असतो ना, त्याला सुपरवायझर मॅग्नेट चिकटवून ठेवतात, लाइन थांबायला नको. आणि स्टीलच्या जाळीचा मोजा सुरीसाठी असतो, फिरत्या पात्याजवळ कुठलाही मोजा घातला तर तो हातच आत नेतो. मशीनचा फोटो काढून ठेवता आला तर बघा, मॅग्नेट लगेच गायब होतं. तुकडा ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत आणि पिशवी बर्फात, हे तिथे भिंतीवर लिहून लावायला हवं होतं

(प्रश्न विचारणारा): पगाराची स्लिप त्याला कधी मिळालीच नाही, पण मोबाईलवर ईएसआय नंबरचा जुना मेसेज सापडला. फोटो शेजारच्या लाइनवरचा पोरगा काढतो म्हणाला, आज रात्रपाळीला जाणार आहे तो