मदत हवी आहे: भौतिकशास्त्राची बी.एस्सी. चालू ठेवावी की ई अँड टीसीची जागा घ्यावी?

नमस्कार. मी यंदा बारावी उत्तीर्ण झाले असून गेल्या तीन आठवड्यांपासून पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे. आता अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत मला पुण्यातच ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) जागा मिळाली आहे आणि ती घ्यायची की सोडायची, हे येत्या सोमवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत ठरवायचे आहे. सीईटीत मला ९३ पर्सेंटाइल आहेत, म्हणजे जागा फार मोठ्या नावाच्या महाविद्यालयातील नसली तरी टाकाऊही नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचे गाव जुन्नर तालुक्यात आहे आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीची) एक तबकडी आमच्या शेताच्या बांधावरून दिसते. लहानपणी ती आमच्यासाठी पाऊस कोणत्या बाजूने येतो हे दाखवण्यापुरतीच होती. दहावीत असताना २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त शाळेने आम्हाला आत नेले. मोबाइल बंद करायला लावले होते. तबकडीच्या खाली उभे राहून वर पाहिले तेव्हा ती भरीव नसून बारीक तारेची जाळी आहे आणि तिच्यातून आकाश आरपार दिसते, हे पहिल्यांदा कळले. तिथेच काही विद्यार्थ्यांनी पत्र्याच्या भोंग्यासारखा एक छोटा अँटेना मांडला होता. त्यांनी तो आकाशगंगेच्या पट्ट्याकडे वळवला तेव्हा पडद्यावरच्या थरथरत्या रेषेवर मधोमध एक उंचवटा उमटला आणि तो हायड्रोजनचा आहे, असे त्यांनी सांगितले. मला खगोलशास्त्रात काम करायचे आहे, हे त्या दिवसापासून मी घरी सांगत आले आहे.

घरच्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. वडील म्हणतात की बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., त्यानंतर पीएच.डी., म्हणजे हाती स्थिर पगार येईपर्यंत दहा वर्षे जातील आणि टोमॅटोच्या बाजारभावावर चालणाऱ्या घराने इतके थांबायचे कसे. चाकणला नोकरीला असलेले मामा सांगतात की आधी इंजिनिअर हो, मग हवे ते आकाश बघ. शुल्काचा प्रश्न तर जवळजवळ सुटलेलाच आहे. आम्ही इतर मागास वर्गात येतो, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, आणि २०२४-२५ पासून अशा मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ झाले आहे. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. त्यामुळे ‘परवडत नाही म्हणून बी.एस्सी.’ हे कारण मला पुढे करता येत नाही, आणि खरे सांगायचे तर याचाच मला थोडा राग येतो.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली आहे. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, हे मला तिच्या अर्जाची मुदत संपल्यावर समजले.

माझे प्रश्न असे आहेत. ई अँड टीसी करून पुढे खगोलशास्त्राकडे खरोखर वळता येते का, की ते केवळ समजूत घालण्यासाठी सांगितले जाते? बी.एस्सी. घेतली आणि दोन वर्षांनी ती झेपत नाही असे वाटले, तर अभियांत्रिकीचे दार पूर्ण बंद होते का? आणि माझा मूळ दाखला सध्याच्या महाविद्यालयात जमा आहे. तो दोन दिवसांत परत मिळतो का?

प्रतिसाद १

दाखल्याबद्दल आधी सांगतो, कारण तेच सर्वांत तातडीचे आहे. प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिल्याशिवाय कार्यालय दाखल्याला हात लावत नाही, आणि शनिवारी अर्ध्या दिवसात कोणी सही करील याचा भरवसा धरू नका. निर्णय अभियांत्रिकीकडे झुकत असेल, तर शुक्रवारीच सकाळी वडिलांना बरोबर घेऊन जा आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाच्या छायाप्रती आधीच काढून ठेवा. शुल्कमाफी कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागू असते. पुढे संस्था पातळीवर जागा घेतली तर ती मिळणार नाही, हेही घरी सांगून ठेवा.

प्रतिसाद २

मी स्वतः ई अँड टीसी केले असून सध्या एका संशोधन संस्थेत रिसीव्हरच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून देऊ शकते. वळता येते. रेडिओ खगोलशास्त्राच्या पीएच.डी.साठी एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्था बी.ई. झालेल्यांनाही अर्ज करू देतात. जेस्ट किंवा गेटची भौतिकशास्त्राची परीक्षा चांगल्या गुणांनी द्यावी लागते. मात्र त्या परीक्षांत पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स), सांख्यिकीय भौतिकी, विद्युतचुंबकत्व हे सारे बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या तोडीचे विचारतात, आणि ई अँड टीसीच्या चार वर्षांत त्यांपैकी शेवटचा विषय तेवढा नीट शिकवला जातो. उरलेले तुम्हाला सबमिशन, ओरल आणि कंपन्यांच्या भरतीच्या गदारोळात रात्री बसून स्वतः शिकावे लागेल. माझ्या वर्गातून असे करू म्हणणारे आम्ही चौघे होतो. तिघे तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर कंपन्यांत निवडले गेले आणि मी भौतिकशास्त्राकडे न जाता अँटेनाकडे गेले. यात कोणाचेच वाईट झाले नाही, पण जे ठरवले होते ते एकानेही केले नाही.

होमी भाभांचे उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईलच. त्यांनी वडिलांच्या इच्छेप्रमाणे केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा १९३० मध्ये पहिल्या वर्गात दिली आणि मग भौतिकशास्त्र धरले, हे खरे आहे. परंतु त्यांच्या घराला पुढच्या दोन वर्षांच्या खर्चाची विवंचना नव्हती, हे सांगणारे सहसा वगळतात.

उलट बाजूही पाहा. तुम्ही पाहिलेली ती तारेची जाळी हीच एक अभियांत्रिकी गोष्ट आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याचा भार आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. जीएमआरटी ज्या लांबीच्या लहरी पकडते, त्यांच्यासमोर जाळीची छिद्रे इतकी लहान आहेत की लहरींना ती जाळी भिंतीसारखीच असते. ही कल्पना ज्यांच्या नेतृत्वाखाली उतरली ते गोविंद स्वरूप मूळचे भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची चार-चार किलोमीटरच्या भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. तिथे दोन्ही पदव्यांची माणसे लागतील. म्हणून पदवीचे नाव बाजूला ठेवून एवढेच सांगा: तो उंचवटा पाहून घरी गेल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला? तो भोंगा कसा बनवला हा, की हायड्रोजन असे का करतो हा?

प्रतिसाद ३

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. वयाच्या अधिकाराने एकेरी संबोधतो. बी.एस्सी.नंतर दार पूर्ण बंद होत नाही. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स तेवढे बरोबरीने सोडवावे लागतात. याचा अर्थ तो सोपा रस्ता आहे असा नाही, आणि मधली तीन वर्षे त्यात खर्ची पडतात, पण घरी ‘परतीची वाट नाही’ असे कोणी म्हणत असेल तर हे सांग.

वडिलांच्या दहा वर्षांच्या हिशेबात एक दुरुस्ती हवी. पीएच.डी.ची वर्षे बिनपगारी नसतात. चांगल्या संस्थांत दरमहा विद्यावृत्ती मिळते. खरी ओढाताण पहिल्या पाच वर्षांची आहे, आणि नुसत्या बी.एस्सी.वर बेतलेली नोकरी ही आशा तू धरू नयेस, हे मी माझ्या प्रत्येक वर्गाला सांगत आलो. महाविद्यालय साधे असेल आणि प्रयोगशाळेत एका वर्णपटमापीभोवती सहा मुले उभी राहत असतील, तर पदवी असूनही विषय हाती लागत नाही. सध्याच्या ठिकाणी प्रयोग स्वतःच्या हाताने करायला मिळतो की जर्नल उतरवून घेतात, हे तीन आठवड्यांत तुला कळले असेलच.

आणि आयसर संपलेले नाही. बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना ती परीक्षा देता येते, म्हणजे तुला पुढच्या वर्षी आणखी एक संधी आहे. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईच्या कलिना परिसरातील सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही एकच परीक्षा असते, तीही दे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी दहावीची वही काढली. त्या दिवशीच्या पानावर हायड्रोजनच्या त्या उंचवट्याची वारंवारता, १४२० मेगाहर्ट्झ, हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे आणि खाली ‘हाच का? १४०० का नाही?’ असे लिहिले आहे. भोंग्याबद्दल एक ओळही नाही. हे वाचून मला हायसे वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

सर, आमच्याकडे प्रयोगाला एका उपकरणावर तिघे असतो आणि मॅडम वाचन स्वतः घ्यायला लावतात; मागच्या आठवड्यात माझे वाचन चुकले म्हणून त्यांनी ते पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावले. काल रात्री वडिलांशी फोनवर बोलले. विद्यावृत्तीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ते ‘बरं’ म्हणाले नाहीत, पण ‘सोमवार तुझा तू ठरव’ म्हणाले. मी ई अँड टीसीची जागा सोडत आहे, बी.एस्सी. चालू ठेवत आहे आणि पुढच्या वर्षी आयसर व नेस्ट या दोन्ही परीक्षा देणार आहे.

आता एक नवीच अडचण पुढे आली आहे. आयसरच्या प्रश्नपत्रिकेतील साठ प्रश्नांपैकी पंधरा जीवशास्त्राचे असतात आणि मी अकरावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते. बी.एस्सी.ची सत्र परीक्षा सांभाळून अकरावी-बारावीचे जीवशास्त्र शून्यापासून कोणी केले असल्यास, कोणत्या प्रकरणांपासून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.