पीटर पॅनचा उगम आणि आमची मगर

‘पीटर पॅन, कधीच मोठा न होणारा उडता मुलगा, कुठून आला ते सांगून टाकलं की जादू जाते’, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. डेव्ह बॅरी आणि रिडली पिअर्सन यांच्या त्याचा उगम सांगणाऱ्या २००४च्या कादंबरीत तो ‘नेव्हर लँड’ नावाच्या जुनाट जहाजावरचा अनाथ पोरगा आहे, आणि उडतो तो आकाशातून पडलेल्या तारकाधुळीमुळे. जे. एम. बॅरींच्या (हे बॅरी वेगळे!) १९०४च्या नाटकात पीटर म्हणतो, मोठेपणी मी काय होणार हे आईबाबा बोलत होते, ते ऐकून जन्मल्या दिवशीच पळालो. यापुढे ती धूळ फिकीच.

पण गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत भाचीला ती २००४ची कादंबरी वाचून दाखवत होतो. गोष्टीत मगर आली तशी भाची कठड्याला चिकटून खाली गढूळ पाण्यात बघायला लागली. ‘मामा, आजी मातीची मगर करून पाठीवर शिंपले खोचते, तीच का ही?’ मानगे थापणीची, म्हणजे गोव्यातली मातीच्या मगरीची, पूजा तिने पौषातल्या अवसेला पाहिलेली. बोट धक्क्याला लागली तरी उतरायला तयार नाही. जे. एम. बॅरींचं मूळ पुस्तक आता तीच मागतेय.