कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टशिवायही हृदयविकाराचा धोका काढता येतो
कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाती नसेल तर आरोग्य उपकेंद्रात हृदयविकाराचा धोका काढताच येत नाही, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा बिनरक्ततपासणीचा तक्ता ४० ते ७४ वयोगटासाठी आहेच: वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), बस्स. मात्र त्यात मधुमेहाचा रकाना नाही, म्हणून शुगर असलेल्याचा धोका कमी दिसतो. त्याला लॅबवालाच, म्हणजे रक्ततपासणीचा, तक्ता लावावा. खायची तंबाखू, मिश्रीही तक्त्यातल्या धूम्रपानात धरत नाहीत, आणि सिन्नर-निफाडकडे विडीला हात न लावता दिवसभर तंबाखू मळणारे काय थोडे आहेत? ते रुग्णाच्या कार्डावर वेगळं लिहावं.

खरा घोळ बीपीत होतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, दोनदा मोजा.