क्ले शूटिंगसाठी सेमी-ऑटो बारा बोर घ्यावी का? (नागपूर)

रामदासपेठ_१२बोर

नमस्कार मंडळी. ट्रॅप आणि स्कीट (हवेत उडवलेल्या क्ले म्हणजे चकत्या फोडायचे दोन खेळ) दोन्ही खेळायचं आहे, सध्या क्लबच्या ओव्हर-अंडरवर (एकावर एक नळ्या असलेली बंदूक) सराव चालू आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६२ किलो, उजवा खांदा. दिवसाला ७५ ते १०० काडतुसं झाली की खांदा आणि गालफड दोन्ही बोलायला लागतात, म्हणून सेमी-ऑटोचा (फैरीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) विचार आहे. लायसन्स शहर आयुक्तालयाचं, त्यावर बारा बोर डीबीबीएल (दुनळी) लिहिलेलं आहे.

१) गॅसवर चालणारी घ्यावी की इनर्शियावाली?
२) नळी २८ इंच की ३०?
३) २४ ग्रॅमच्या (छऱ्यांचं वजन) काडतुसावर नीट चालेल का?
४) एक जुनी परदेशी सेमी-ऑटो विकाऊ आहे. पाहायला गेलो तर नेमकं काय तपासू?

वर्धारोड_ट्रॅप

भाऊ, तुमच्या चारही प्रश्नांच्या आधी पाचवा येतो, तो म्हणजे लायसन्स. आपल्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित शस्त्रं निर्बंधित वर्गात आहेत. बारा बोर असली तरी सेमी-ऑटो ही साध्या दुनळीच्या रांगेत बसत नाही. त्या वर्गाची परवानगी आयुक्तालयाच्या किंवा ग्रामीणसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसते, ती केंद्रीय गृहखात्याकडून येते. तुमच्या 'डीबीबीएल' लिहिलेल्या लायसन्सवर कोणी सेमी-ऑटो चढवून देतो म्हणाला, तर तो माणूस तुम्हाला अडचणीत टाकतोय.

त्यामुळे त्या जुन्या बंदुकीला हात लावण्याआधी विकणाऱ्याचं लायसन्स मागा. त्यावर शस्त्राचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा, आणि रिसीव्हरवरचा (नळीमागचा, यंत्र असलेला भाग) व नळीवरचा नंबर लायसन्सवरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवा. युनिक आयडी नंबर आहे का तेही बघा. खाजगी विक्रीत विकणाऱ्याने आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. 'आज घेऊन जा, कागद मागून करू' हा प्रकार नाहीच.

दोनपेक्षा जास्त शस्त्रं सर्वसाधारण परवानाधारकाला ठेवता येत नाहीत (२०१९ ची दुरुस्ती). घरात आजोबांची दुनळी आणि एखादं पिस्तूल असेल तर तिसरीला जागाच नाही. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्या रायफल असोसिएशनच्या कागदांवर आणि तुमच्या निकालांवर चालतात, इच्छेवर नाही. परदेशी नवी बंदूक आयात करण्याची सवलतही नावाजलेल्या नेमबाजांपुरतीच. म्हणून बाजारात फिरतात त्या सेमी-ऑटो बहुतेक जुन्या, हातबदल झालेल्या.

अजून एक. भोपाळच्या राज्य अकादमीत शॉटगनची रेंज आहे, नागपूरकराला ती दिल्लीपेक्षा जवळ पडते. पण लायसन्सचं क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल तर बंदूक घेऊन इटारसीच्या पुढे काय, सीमाही ओलांडता येत नाही. क्षेत्र आधी वाढवून घ्या.

गोरेवाडा_स्कीट

कायद्याचं वरच्या दादांनी सांगितलं, आता यंत्राचं.

गॅसच्या बंदुकीत नळीला खालून एक-दोन बारीक भोकं असतात. छर्रे पुढे सरकले की थोडा वायू तिथून निघून पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला (नळी मागून बंद करणारा तुकडा) मागे नेतो, उडालेल्या काडतुसाचं रिकामं टोपण बाहेर पडतं, लिफ्टर पुढचं काडतूस वर करतो. ढकलण्याचं काम थोडं लांबतं, म्हणून खांद्याला ठोसा लागत नाही, दाब जाणवतो. बेरेटाची ए४००, रेमिंग्टनची ११०० या जातीच्या.

इनर्शियात वायू घेतलाच जात नाही. बेनेलीची पद्धत बघा: बोल्टच्या आत एक जाड, आखूड स्प्रिंग. फैर सुटली की बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग जागेवरच राहू पाहतो, स्प्रिंग दबते, मग ती उघडताना बोल्टचं डोकं फिरून कुलूप सुटतं. सगळा खेळ बंदूक मागे येण्यावर. म्हणजे ती स्वच्छ राहते, हलकी असते, पण धक्का पूर्ण देते. तुमची तक्रारच धक्क्याची, तर इनर्शिया घेऊन काय साधलं?

२४ ग्रॅमचं उत्तरही इथेच आहे. धक्का जितका कमी तितकी इनर्शियाची स्प्रिंग कमी दबते. त्यात वजन वाढवायला दस्त्यात शिसं भरलं, की टोपण अर्ध्यातच राहतं आणि खिडकीत उभं अडकतं. गॅसवालीही नवी असताना २४ ग्रॅमवर कुरकुरते. पहिली १००-२०० काडतुसं २८ ते ३२ ग्रॅमची टाकून सगळे भाग बसू द्यायचे, मग २४ वर यायचं. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) शक्यतो ७० किंवा ७६ मिलिमीटर. ८९ मिलिमीटरच्या बंदुका जड शिकारी काडतुसांसाठी बनतात, त्या हलक्यावर हमखास नखरे करतात.

आणि हो, स्पर्धेत २४ ग्रॅम टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात छऱ्यांचं वजन २४.५ ग्रॅमपर्यंत, काडतूस ७० मिलिमीटरपर्यंत, छर्रा २.६० मिलिमीटरपर्यंत. सेमी-ऑटो चालते (हाताने ओढून भरायची पंप चालत नाही), पण मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायची नळी) एकच काडतूस बसेल असा अडसर हवा. म्हणजे एक चेंबरमध्ये, एक खाली.

रामदासपेठ_१२बोर

डोळे उघडले. मग खांद्याचं काय करू? आणि ट्रॅप-स्कीट दोन्हीला एकच सेमी-ऑटो चालली असती का, समजा कागद झाले तर?

वर्धारोड_ट्रॅप

चालली असती, पण ट्रॅपला रडत. ट्रॅपमध्ये एका क्लेवर दोन फैरी मिळतात. पहिली साधारण ३०-३५ मीटरवर पडते, दुसरी ४० च्या आसपास. ओव्हर-अंडरमध्ये खालच्या नळीला मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्हड मॉडिफाइड, वरच्या नळीला फुल चोक (नळीच्या तोंडाची आवळ, जितकी जास्त तितके छर्रे कमी पसरतात) लावून दोन्ही अंतरं सांभाळता येतात. एका नळीत एकच चोक: पहिल्यासाठी लावला तर दुसरीला विरळ, दुसरीसाठी लावला तर पहिलीला घट्ट. शिवाय सेमी-ऑटो रिकामं टोपण उजवीकडे भिरकावते, शेजारच्या स्टेशनवाल्याच्या अंगावर. टोपण अडवणारा कॅचर लावावा लागतो, नाहीतर अख्खी स्क्वॉड (सोबत खेळणारा गट) तुमच्याकडे वळून पाहते.

स्कीटला मात्र सेमी-ऑटो छान. दोन्ही घरांतून (क्ले फेकणारी यंत्रं असतात ती) सुटलेले क्ले जवळच फुटतात, २० मीटरच्या आसपास. स्कीट चोक म्हणजे नळीत जेमतेम ०.१३ मिलिमीटर आवळ, फुल म्हणजे ०.९ ते १ मिलिमीटर. छर्रे ट्रॅपला साडेसात नंबर (२.४ मिलिमीटर), २४ ग्रॅममध्ये साधारण ३००. स्कीटला नऊ नंबर (२ मिलिमीटर), तेवढ्याच वजनात ५०० च्या वर. जवळ दाट पडदा हवा, लांब जड छर्रा हवा, इतकंच गणित.

नळीचं म्हणाल तर सेमी-ऑटोचा रिसीव्हर लांब असतो. २८ इंची सेमी-ऑटो हातात साधारण ३०-३१ इंची ओव्हर-अंडरएवढी भरते. ६२ किलोच्या माणसाने २८ च्या पुढे जाऊ नये, पुढचा भाग जड होऊन स्कीटमध्ये हात मागे राहतो.

तेलंगखेडी_गनफिट

खांद्यासाठी बंदूक बदलण्याआधी तीन गोष्टी बघा, तिन्ही स्वस्त.

क्लबमध्ये काडतूस कोणतं मिळतंय? ३२ ग्रॅमवरून २४ वर आलात तर छऱ्यांचं वजन चौथाईने उतरतं, धक्काही कमी होतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं शिकारी काडतूस क्लेवर संपवणाऱ्याचा खांदा दुखणारच.

दस्त्याची लांबी: घोड्यापासून बटाच्या मध्यापर्यंत. तुमच्या उंचीला १४ ते १४.२५ इंच पुरे. बहुतेक क्लबच्या बंदुका १४.५ च्या पुढे असतात, मग बट खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर जातो आणि निळा डाग तिथेच पडतो. पॅड बदलून किंवा पातळ करून अर्धा इंच काढता येतो.

गालफड दुखतं म्हणजे कोंब (दस्त्याची गाल टेकवायची वरची कड) उंच आहे किंवा तुम्ही डोकं आपटताय. कागदावर मारून पाहा: १५ मीटरवर मोठा पांढरा कागद, मधोमध ठिपका, घट्ट चोक, टेकवून नेम न धरता खेळताना उचलता तशी बंदूक उचलून पाच फैरी. छऱ्यांचा गोळा ठिपक्याच्या किती वर-खाली पडला ते मोजा. कोंब १.५ मिलिमीटर वर केला की या अंतरावर गोळा साधारण २५ मिलिमीटर वर सरकतो. ट्रॅपला थोडं वर मारणारी बंदूक हवी, ६०-४० ते ७०-३० (ठिपक्याच्या वर आणि खाली पडणाऱ्या छऱ्यांची टक्केवारी), कारण क्ले चढत असतो. स्कीटला ५०-५० च्या जवळ. हे मोजमाप केल्याशिवाय सेमी-ऑटो घेतली तरी चुकीचा दस्ता तसाच चुकीचा राहील, फक्त ठोसा मऊ होईल.

गोरेवाडा_स्कीट

चौथा प्रश्न राहिला. क्लबात किंवा डीलरकडे कोणाची सेमी-ऑटो तपासायची वेळ आली तर क्रम असा. बोल्ट मागे, चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे बोट घालून पाहा. फोरएंड (नळीखालचं लाकूड) काढा, नळी काढून उजेडाकडे धरा, आतली सावलीची कडा सरळ जायला हवी. कुठे वळली तर तिथे फुगवटा. चोकची चूडी हाताने शेवटपर्यंत बसते का? चोक न लावता झालेल्या फैरींनी चूडी आधी खराब होते. गॅसवालीत पिस्टनजवळ रबरी रिंग असेल तर ती नखाने दाबा: कडक, तडकलेली असेल तर वायू गळतो आणि बंदूक 'हलक्यावर चालत नाही' म्हणून बदनाम होते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशात गाडीच्या डिक्कीत पडलेल्या बंदुकीची रिंग पहिली जाते. दोन सुट्या रिंगा केसमध्ये ठेवा.

जुनी ब्राउनिंग ऑटो-५ असेल तर तिची गोष्ट वेगळी. त्यात अख्खी नळीच मागे येते. मॅगझिन ट्यूबवर मोठी स्प्रिंग, एक पोलादी रिंग, एक पितळी घर्षण-तुकडा. हलक्या काडतुसाला रिंग स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून. जड काडतुसाला रिंग स्प्रिंग आणि पितळी तुकड्याच्या मध्ये, तिची उतरती बाजू पितळेकडे. जड मांडणीवर हलकं काडतूस टाकलं तर अडकते, उलट केलं तर फोरएंडचं लाकूड तडकतं. म्हणून फोरएंडच्या आतल्या कडेला केसासारखी चीर आहे का ते आधी बघा.

तेल कमी. आपल्याकडच्या धुळीत तेलकट बोल्ट म्हणजे लेप. विशेषतः दस्त्यातल्या स्प्रिंगच्या नळीत तेल उतरलं की धूळ, कार्बन मिळून चिकटा होतो आणि बोल्ट शेवटचे दोन मिलिमीटर पुढे जातच नाही. घोडा दाबला तरी फैर सुटत नाही, आणि लोक काडतुसाला दोष देतात.

वर्धारोड_ट्रॅप

बरोबर, एकच भर. घरातली जुनी इंग्रजी दुनळी काढून खेळणार असाल तर चेंबर मोजा. त्यातल्या कित्येक ६५ मिलिमीटरच्या असतात. ७० चं काडतूस आत बसतं, पण उघडलेलं तोंड नळीच्या गळ्यात शिरतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही.

रामदासपेठ_१२बोर

ठरलं तर. सेमी-ऑटो सोडली. आधी दस्ता १४.२५ वर आणतो, २४ ग्रॅमची एक पेटी घेतो आणि कागदावर पाच फैरी. गोळा कुठे पडला ते इथेच टाकतो.

तेलंगखेडी_गनफिट

टाका. फोटोत कागदाशेजारी मोजपट्टी ठेवा, आणि जाकीट तेच घाला जे रेंजवर घालता. जाड पॅडचं जाकीट घातलं की लांबी अर्धा इंच खोटी दिसते.