इंग्रजीत बी.ए. करून शिक्षिका व्हायचे आहे, कॉलेजात नेमके कशावर भर द्यावा?

प्रश्न : विद्यार्थिनी, वेंगुर्ला तालुका

नमस्कार. मी मराठी माध्यमातून बारावी कला शाखा उत्तीर्ण झाले असून मला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे आहे. त्यासाठी इंग्रजीत बी.ए. आणि पुढे बी.एड. करावे असा माझा विचार आहे, परंतु घरच्यांच्या मते डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका) करून दोन वर्षांत मोकळे व्हावे. दुसरी अडचण अशी की, पुढच्या वर्गातील मैत्रिणीची पुस्तके चाळली तेव्हा त्यांत कविता, नाटके आणि कादंबऱ्याच दिसल्या. माझा धाकटा भाऊ आठवीत आहे आणि तो ज्या चुका करतो, त्यांवर त्या पुस्तकांत एक ओळही नाही. शिवाय मी स्वतः इंग्रजी बोलताना अडखळते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, मालवण

डी.एल.एड. की बी.ए., हे तुला कोणत्या वर्गासमोर उभे राहायचे आहे त्यावर ठरते. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यापासून त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे असेल तर इंग्रजीची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. हाच सरळ मार्ग आहे.

कविता-नाटकांना नावे ठेवू नकोस, भाषेचा कान त्यांनीच तयार होतो. मात्र मराठी मुलाला इंग्रजी नेमके कुठे अडते, हे पदवीच्या वर्गात कोणी सांगत नाही आणि तेच तर आपले काम असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीतला एक मुलगा ‘माय टू ब्रदर इज’ असे लिहीत असे. मी तीन वेळा लाल शाई फिरवली, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ दहादा लिहून आणायला लावले, तरी चौथ्या दिवशी वहीत पुन्हा तेच. शेवटी त्याला म्हटले, घरी कसे सांगशील? तो म्हणाला, “माका दोन भाव आसत.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या वाक्यात भाऊ ‘आहेत’, त्याच्याजवळ ‘असणे’ दाखवणारे वेगळे क्रियापदच नाही. मला भाऊ आहे, माझ्याकडे होडी आहे, मला ताप आहे, या सगळ्या वाक्यांसाठी इंग्रजीत एकटे ‘हॅव’ पुरते. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या डावीकडे मालवणी वाक्ये आणि उजवीकडे इंग्रजी अशी मांडणी केली, आणि लाल शाई निम्म्यावर आली. (मुख्याध्यापकांना फळ्यावरची मालवणी रुचली नव्हती, तो भाग वेगळा.)

‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी शब्दांचेही तसेच आहे. मराठीत ते नाहीतच, त्यामुळे कुठलाही मासा आणि कालचाच मासा यांतला फरक आधी मराठीत दाखवून मगच इंग्रजीकडे वळावे लागते. म्हणून तीनही वर्षे एक वही ठेव. स्वतःची किंवा भावाची चूक, आणि तिच्या मागे दडलेले मराठी वाक्य, एवढेच तिच्यात लिही. व्याकरणाचा किंवा भाषाविज्ञानाचा पेपर निवडता आला तर तो सोडू नकोस.

उत्तर २ : बी.एड. झालेला उमेदवार, चिपळूण

बाईंनी शिकवण्याचे सांगितले, मी परीक्षांचे सांगतो, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर १५० गुणांचा असतो. त्यात बालमानसशास्त्र आणि दोन भाषा यांना प्रत्येकी ३० गुण आहेत, उरलेले ६० गुण एकतर गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे. खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. इंग्रजीच्या जोरावर निघून जाऊ अशा भ्रमात मी होतो, आणि इतिहास-भूगोलाने मला ८४ वर अडवले. तेव्हा बी.ए.ला इंग्रजीच्या जोडीला इतिहास किंवा भूगोल घ्यावा. बी.एड.मध्येही दुसरी अध्यापन पद्धती म्हणून तोच विषय उपयोगी पडतो.

बी.एड.च्या प्रवेशासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे आणि पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. नोकरीसाठी पुढे २०० गुणांची टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही टीईटीहून वेगळी) आणि पवित्र पोर्टल हे शिक्षक भरतीचे सरकारी संकेतस्थळ. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पदवी हातात पडल्यावर ‘अजून नोकरी का नाही’ हा प्रश्न रोज जेवताना निघणार नाही.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षक, गुहागर तालुका

डी.एल.एड. म्हणजे लवकर मोकळे होणे, हा घरच्यांचा समज तेवढा दुरुस्त करावासा वाटतो. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता आहेत, एका वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा तोही विषय आम्हीच शिकवतो. मन हायस्कूलमध्ये असेल तर केवळ तीन वर्षे वाचवण्यासाठी इकडे येऊ नये. लहान मुले आवडत असतील तर मात्र अवश्य यावे, इंग्रजीची आवड असलेली माणसे आम्हाला हवीच आहेत.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. जोडीला इतिहास घेईन आणि घरी आज रात्रीच बोलेन. बाई, बोलताना अडखळण्याचे काय करावे?

निवृत्त शिक्षिका, मालवण

दहावीला तोंडी परीक्षेचे २० गुण असतात, म्हणजे तुझ्या विद्यार्थ्यांनाही हीच भीती असणार. भावाचे आठवीचे पुस्तक घे आणि रोज एक पान त्याला मोठ्याने वाचून दाखव. वाचून झाले की पुस्तक मिटून, त्यात काय होते ते चार वाक्यांत सांग. नंतर त्याला सांगायला लाव, आणि तो अडला तर शब्द पुरवण्याआधी त्याला मालवणीत काय म्हणायचे होते ते विचारून वहीत टिपून ठेव. आठवडाभराची वही झाली की त्यातली पाच वाक्ये इथे लिही, आपण मिळून पाहू.