इंग्रजी शिकवायचंय, पण टेटमध्ये इंग्रजीच थोडं! तयारीची विभागणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. इंग्रजी घेऊन एम. ए. आणि नंतर बी. एड. केलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. इंग्रजीचा तास सुरू झाला की मान खाली घालणारी आठवी-नववीची मुलं बोलती करायची, हे काम मला आयुष्यभर करायचं आहे. म्हणून पवित्र पोर्टलच्या (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाच्या) पुढच्या भरतीसाठी नेटाने अभ्यासाला बसले आहे.

अडचण अशी की अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, २०० गुणांची. त्यात अभियोग्यतेला १२० आणि बुद्धिमत्तेला ८० गुण. इंग्रजी भाषिक क्षमता हा अभियोग्यतेतला फक्त एक घटक. बाकी गणितीय क्षमता, तर्क, वेग आणि अचूकता, अवकाशीय क्षमता, कूट प्रश्न, सांकेतिक भाषा... एम. ए.ला जीव लावून वाचलेल्या शेक्सपिअर-कीट्सचा तिथे काही उपयोग नाही, आणि गणित तर दहावीनंतर सुटलेलं.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अजून व्हायची आहे. पेपर दोनमध्ये ६० गुणांना गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं. इंग्रजीच्या शिक्षकालाही यातलं एक घ्यावंच लागतं का? आणि नववी-दहावीसाठी टीईटी लागते का? गावात याला विचारलं तर हो म्हणतो, त्याला विचारलं तर नाही.

अभ्यासाला पहाटेचे दोन-तीन तास मिळतात. त्यांची वाटणी कशी करू? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी २०२३ च्या टेटमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, सहावी ते आठवीला भाषा शिकवतो. आधी पात्रतेचा गोंधळ मिटवू.

सहावी ते आठवीसाठी टीईटी किंवा सीटीईटीचा (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन हवाच. नववीपासून पुढे टीईटी लागत नाही, बी. एड. आणि टेटचे गुण लागतात. तुमचं एम. ए. आहे, तेव्हा खाजगी अनुदानित संस्थांच्या अकरावी-बारावीच्या जागाही डोळ्यासमोर ठेवा. पहिली ते पाचवीचा विचार सोडून द्या. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी. एड. चालत नाही.

आणि हो, ६० गुणांचा तो विभाग इंग्रजीवाल्यालाही चुकत नाही. बहुतेक भाषेचे लोक सामाजिक शास्त्रं घेतात, तुम्हीही तेच घ्या. सहावी ते आठवीची बालभारतीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची पुस्तकं ओळ न ओळ वाचा. बाजारातल्या जाडजूड गाईडपेक्षा ती जास्त कामाची आहेत. १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आजन्म चालतं, म्हणून हे काम आधी उरका.

टेटचा मामला वेगळा. तिथे पास-नापास नाही, सगळा खेळ गुणवत्तेचा. १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. २०२३ ला परीक्षा आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने घेतली आणि पुष्कळ प्रश्न बँकेच्या परीक्षेच्या वळणाचे होते. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पहाटेच्या वेळातला निम्मा वेळ गणित आणि बुद्धिमत्तेला द्या, आणि तोही घड्याळ लावून. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग एवढ्यापासून सुरुवात करा. भूमितीच्या मागे आत्ता लागू नका.

प्रतिसाद २

वरच्या सरांचं बरोबर आहे, फक्त इंग्रजीबद्दल थोडं सांगते. मी बी. एड.च्या मुलांची तयारी करून घेते. एम. ए. झालेल्या मुली टीईटीच्या भाषेच्या विभागात मागे पडतात ते शिकवण्याच्या पद्धतींवर. सीटीईटीत तर भाषेच्या ३० प्रश्नांपैकी १५ उताऱ्यांवर आणि १५ अध्यापनशास्त्रावर असतात. तिथे व्याकरण-भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, डॉडसनची द्विभाषिक पद्धती, संवादात्मक पद्धती यांतला फरक नेमका माहीत हवा. चॉम्स्कीची भाषा संपादन यंत्रणा (भाषा शिकण्याची उपजत क्षमता), क्रॅशेनचं ‘इनपुट’ (मुलाला समजेल अशी कानावर पडणारी भाषा), स्किमिंग (वरवर वाचून आशय घेणं) आणि स्कॅनिंग (हवी ती माहिती शोधत वाचणं), उपचारात्मक अध्यापन (मागे पडलेल्यांच्या चुका हेरून पुन्हा शिकवणं) हेही.

पण नुसत्या व्याख्या पाठ करून भागत नाही, कारण प्रश्न प्रसंगावर येतो. समजा, एक मूल ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतं. ते कोणाचं ऐकून तसं बोललेलं नाही. भूतकाळाचा नियम त्याला सापडला आणि त्याने तो सगळीकडे लावला. पर्यायांत ‘ताबडतोब थांबवून दहा वेळा लिहून घ्यावं’ असंही असतं आणि ‘चूक हा भाषा शिकण्याचा टप्पा मानून योग्य रूप सहज संभाषणात ऐकवावं’ असंही. दुसरं निवडायचं. तुम्ही रोज मुलांसमोर उभ्या राहता, त्यामुळे असे प्रश्न तुम्हाला कळतील. अशा प्रसंगांना आणि पद्धतींना पुस्तकात दिलेली नावं तेवढी शिकायची आहेत.

मराठी माध्यमातून आलात तर ध्वनिशास्त्र चुकवू नका. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी वीस, व्यंजनध्वनी चोवीस. शब्दकोशातली उच्चाराची चिन्हं वाचायची सवय लावा. परीक्षेसाठी लागतंच, पण ‘पुट’ आणि ‘बट’ सारखे का उच्चारत नाहीत असं मूल विचारेल तेव्हा त्याहून जास्त लागेल.

आणि शेक्सपिअर-कीट्स वाया गेले असं समजू नका. केंद्रीय विद्यालयाच्या इंग्रजीच्या पदांसाठी विषयज्ञान तपासतात. तिथे टीजीटीला (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक या पदाला) सीटीईटी लागते, म्हणून राज्याच्या टीईटीबरोबर सीटीईटीचाही अर्ज भरा. अभ्यास बराचसा तोच आहे.

धागाकर्ती

सर, मॅडम, मनापासून आभार. नववी-दहावीचा घोळ सुटला हे फार मोठं काम झालं. सामाजिक शास्त्रंच घेते, आमच्या शेजारच्या मुलीकडे तिन्ही इयत्तांची पुस्तकं आहेत.

आता एकच विचारते. सराव चाचण्या मोबाइलवर दिल्या तर चालतील का? घरी कॉम्प्युटर नाही.

प्रतिसाद १

रोजचा सराव मोबाइलवर करा, काही बिघडत नाही. पण टेट कॉम्प्युटरवर असते. पडद्यावर उतारा वाचणं, आकृत्यांचे प्रश्न कच्च्या कागदावर उतरवणं आणि माउसने पुढे जाणं यात सुरुवातीला वेळ जातो. आठवड्यातून एकदा तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये परवानगी घेऊन पूर्ण दोन तासांची चाचणी द्या, मध्ये न उठता. लॅब मिळत नसेल तर तालुक्याच्या एखाद्या संगणक केंद्रात विचारा, तासाच्या भाड्याने बसू देतात. चाचणी झाली की चुकलेल्यांपेक्षा आधी वेळेअभावी राहिलेले प्रश्न बघा आणि ते कोणत्या घटकाचे आहेत ते इथे लिहा, त्यावरून पुढच्या आठवड्याची वाटणी ठरवू.